भाड्याचे यंत्र

हर्मन होलरिथ हे नाव संगणकाच्या बहुतेक इतिहासांत एका परिच्छेदापुरते येते. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी त्याने भोके पाडलेली कार्डे मोजणारे यंत्र केले, त्याच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली, आणि मग इतिहासकार पुढच्या यंत्राकडे वळतो. या परिच्छेदातून दोन गोष्टी निसटतात. हे यंत्र जनगणनेच्या कचेरीत पोहोचण्यापूर्वी एका शहराच्या आरोग्य खात्यात, मेलेल्या माणसांच्या नोंदींवर घासूनपुसून तयार झाले होते. आणि ज्या सरकारसाठी ते बनले, त्या सरकारला ते यंत्र कधी विकले गेले नाही. ते भाड्याने दिले गेले. प्रस्तुत लेखाचा रोख या दुसऱ्या गोष्टीकडे आहे, पण पहिली समजून घेतल्याशिवाय दुसरीचा उलगडा होत नाही.

होलरिथचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात झाला. आईवडील जर्मनीच्या पॅलेटिनेट भागातून स्थलांतर करून आलेले. वडील लवकर गेले. मुलगा हुशार, पण स्पेलिंगचा त्याला इतका तिटकारा की त्या तासाला तो शाळेच्या खिडकीतून उडी मारून पळाला, अशी हकिकत त्याच्या चरित्रात येते. पुढे कोलंबियाच्या स्कूल ऑफ माइन्समधून १८७९ मध्ये तो खाणकामाचा अभियंता झाला. तिथल्या प्रा. ट्रोब्रिज यांच्याकडे १८८० च्या जनगणनेतील काही काम होते. त्यांनी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला आपल्याबरोबर वॉशिंग्टनला नेले. लोखंड व पोलाद कारखान्यांत वाफेची आणि पाण्याची शक्ती किती वापरली जाते, यावर त्याने अहवाल लिहिला. म्हणजे ज्याला आज ‘सिस्टीम्स आर्किटेक्ट’ म्हणतात, त्या धंद्यातल्या या पहिल्या माणसांपैकी एकाची पहिली नोकरी सरकारी होती, आणि तीही हंगामी.

हंगामी हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेच्या राज्यघटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी शिरगणती करणे बंधनकारक आहे, कारण प्रतिनिधिगृहातल्या जागा लोकसंख्येप्रमाणे वाटायच्या असतात. पण त्या काळी जनगणनेचे कायमचे खाते नव्हते. दर दशकाला नवी कचेरी थाटायची, शेकडो कारकून भरायचे, तक्ते छापून झाले की कुलूप लावायचे. दर वेळी शिकलेले सगळे विसरायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात. १८८० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या पाच कोटींवर गेली होती. तिचे तक्ते पूर्ण व्हायला जवळजवळ पुढचे दशक लागले. वयाप्रमाणे किती, जन्मस्थानाप्रमाणे किती, आणि वय व जन्मस्थान दोन्ही धरून किती, असा प्रत्येक प्रश्न म्हणजे कारकुनाने सारे गठ्ठे पुन्हा उलटायचे आणि कागदावर रेघा ओढायच्या.

या कचेरीत जन्म-मृत्यूच्या आकडेवारीचा विभाग डॉ. जॉन शॉ बिलिंग्ज यांच्याकडे होता. लष्करी शल्यविशारद, वैद्यकीय ग्रंथांचा अफाट संग्रह करणारा ग्रंथपाल, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या रचनेमागचा माणूस, आणि पुढे न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचे पहिले संचालक. एका आयुष्यात एवढे सारे करणारी माणसे एकोणिसाव्या शतकात सापडत. होलरिथने पुष्कळ वर्षांनी, १९१९ मध्ये, एका पत्रात लिहून ठेवले आहे की एका रविवारी संध्याकाळी डॉ. बिलिंग्ज यांच्या घरी चहाच्या टेबलावर त्यांनीच हा विषय काढला : लोकसंख्येचे तक्ते करण्याचे निव्वळ यांत्रिक काम एखाद्या यंत्राने करायला हवे. माणसाचे वर्णन कार्डाच्या कडेला खाचा पाडून करावे, अशी काहीशी त्यांची कल्पना होती. होलरिथने नंतर त्यांना भागीदारीविषयी विचारले. डॉक्टरांना त्यात रस नव्हता. प्रश्न सुटला म्हणजे झाले, एवढीच त्यांची अपेक्षा.

कल्पना कोणाची, यावर पुढे बरीच शाई खर्च झाली. मला हा वाद फारसा फलदायी वाटत नाही. कल्पना डॉक्टरांची होती हे खुद्द होलरिथनेच मान्य केले आहे. महत्त्वाचे हे की सरकारी कामाची अडचण सरकारी पगारावर असताना एका तरुणाला दिसली, ती सरकारातल्याच एका वरिष्ठाने त्याला उलगडून सांगितली, आणि तिचे उत्तर मात्र खासगी मालमत्ता झाले. त्यात बेकायदा काहीच नव्हते. डॉ. बिलिंग्ज यांनी कल्पना दिली आणि सोडून दिली. सरकारने तर ती उचलून धरण्याचा विचारही केला नाही.

होलरिथ १८८२ मध्ये एमआयटीत शिकवायला गेला. शिकवणे त्याला मानवले नाही. मग सेंट लुईसमध्ये रेल्वेच्या विजेच्या ब्रेकवर प्रयोग, आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात सहायक परीक्षकाची नोकरी. तीही वर्षभरात सोडली आणि स्वतंत्रपणे पेटंट सल्लागार म्हणून पाटी लावली. पेटंट कार्यालयातला हा अल्प काळ मला त्याच्या पदवीइतकाच मोलाचा वाटतो. शोध कसा लावावा हे तो इतरत्रही शिकला असता. शोधाभोवती कुंपण कसे घालावे, हे त्याला तिथे कळले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्याने पहिला अर्ज केला.

त्या अर्जात कार्ड नव्हते. कागदाची लांब पट्टी होती, तारयंत्रात असते तशी. प्रत्येक माणसाच्या नोंदीपुरती भोके पट्टीवर एकापुढे एक पाडायची आणि पट्टी एका रुळावरून सरकवायची. भोक आले की वीज वाहते आणि गणक एकाने पुढे जातो. यातली खोट लवकरच ध्यानात आली. हजारो माणसांतून फक्त चिनी वंशाची माणसे वेगळी मोजायची तर सारी पट्टी फिरवावी लागते आणि सापडलेला माणूस पट्टीतून उचलून बाजूला ठेवता येत नाही. माणूस सुटा हवा. पश्चिमेकडच्या एका रेल्वेप्रवासात त्याला याचे उत्तर दिसले. तिकीट चोरीला जाऊन दुसऱ्याने वापरू नये म्हणून तिथले कंडक्टर तिकिटाच्या कडेला ठराविक जागी भोके पाडून प्रवाशाचे वर्णन नोंदवत : केस फिके की काळे, डोळे कसे, नाक मोठे की लहान. प्रवाशाचे भोकांतले छायाचित्रच ते. एका माणसाला एक कार्ड, हे तिथून आले.

आता हे खऱ्या कामावर पारखायचे कुठे? पुढची जनगणना १८९० मध्ये. तोवर वॉशिंग्टनमध्ये कचेरीच नव्हती, मग काम कोण देणार? इथे शहर उपयोगी पडले. १८८६ च्या सुमारास बाल्टिमोरच्या आरोग्य खात्याने आपल्या मृत्यूच्या नोंदी त्याच्या हवाली केल्या. एका मोठ्या शहरातले मृत्यू : माणसाचे वय, स्त्री की पुरुष, वर्ण, धंदा, कशाने मेला. शहराला हे तक्ते हवेच होते. पटकी, घटसर्प, क्षय कोणत्या वस्तीत आणि कोणत्या वयात जास्त आहेत हे कळल्याखेरीज गटार आधी कुठे बांधायचे ते ठरत नाही. आकडा नगरपालिकेच्या कामाचा होता, आणि नोंदी इतक्याच होत्या की एकटा माणूस त्या हाताने पंच करू शकेल.

होलरिथने तेच केले. कंडक्टरचा साधा पंच घेऊन त्याने स्वतः बसून कार्डे भोकली. हा पंच कार्डाच्या मध्यापर्यंत पोहोचत नसे, म्हणून त्या कार्डांवर भोके फक्त कडेच्या ओळींत आहेत. दिवसभर पंच दाबून त्याचा हात ठणकू लागला. या दुखऱ्या हाताचे महत्त्व चरित्रकारांना विनोदापुरते वाटते, मला तसे वाटत नाही. मोजणारे यंत्र कितीही वेगवान असले तरी कार्ड भोकणारा हात मागे पडला तर सगळेच खोळंबते, हे त्याला आकृत्या काढून कळले नसते. यातून त्याने वेगळा पंच बनवला : एका टोकाला अक्षरे आणि आकडे छापलेली धातूची पाटी, तिच्यावरच्या खाचेत दांडा दाबला की दुसऱ्या टोकाला कार्डावर नेमके त्याच जागी भोक. नकाशे लहानमोठे करण्याच्या पॅन्टोग्राफचे हे भावंड. आता कार्डाच्या मध्यावरही भोक पाडता येऊ लागले, म्हणजे एका कार्डात मावणारी माहिती कितीतरी वाढली. बाल्टिमोरनंतर न्यू जर्सी राज्य आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्यांनी ही पद्धत घेतली, लष्कराच्या वैद्यकीय खात्यानेही घेतली. १८८९ मध्ये वॉशिंग्टनने जनगणनेसाठी पद्धत निवडायला समिती नेमली, तेव्हा होलरिथच्या हातात कागदावरची कल्पना नव्हती. तीन-चार कचेऱ्यांत चाललेले काम होते.

समितीने तीन पद्धती शर्यतीला लावल्या. सेंट लुईसच्या चार विभागांतल्या १०,४९१ माणसांच्या १८८० च्या नोंदी तिघांना दिल्या. होलरिथची कार्डे, विल्यम हंट यांच्या रंगीत कागदी चिठ्ठ्या, आणि चार्ल्स पिजिन यांची ‘चिप्स’ नावाची सुटी पत्रे. मूळ नोंदी उतरवून घ्यायला होलरिथच्या माणसांना बहात्तर तासांच्या आसपास लागले, इतर दोघांना शंभराहून अधिक. पण खरा फरक पुढच्या पायरीला पडला. तक्ते करायला होलरिथच्या यंत्राने साडेपाच तास घेतले. पिजिन यांना चव्वेचाळीस तासांच्या वर आणि हंट यांना पंचावन्न तासांच्या वर लागले. निकाल उघड होता.

यंत्र कसे चाले, हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे. टेबलावर एक खालचा पाट, त्यात लहान लहान वाट्या, आणि प्रत्येक वाटीत पारा. वर हँडलला जोडलेली पेटी, तिच्यात स्प्रिंगवर बसवलेल्या सुया. मध्ये कार्ड ठेवून हँडल खाली ओढायचे. कागद असेल तिथे सुई अडते. भोक असेल तिथे आरपार जाऊन पाऱ्यात बुडते आणि विजेचे मंडल पुरे होते. समोरच्या फळीवर घड्याळासारख्या चाळीस तबकड्या. ज्या प्रश्नाचे भोक असेल त्या तबकडीचा काटा एक घर पुढे. कार्ड नीट वाचले गेले की घंटी वाजे. घंटी वाजली नाही तर काहीतरी चुकले आहे. शेजारी झाकणांचे कप्पे. यंत्र स्वतःच योग्य कप्प्याचे झाकण उघडे, बाई कार्ड त्यात टाकी आणि झाकण बंद करी. म्हणजे मोजणी होता होता पुढच्या मोजणीसाठी निवडही होत असे. आणि यातली सगळ्यांत हुशारीची गोष्ट डोळ्यांना दिसत नसे. तारा अशा जोडता येत की एका भोकाने तबकडी हलायची नाही; ‘स्त्री’ आणि ‘परदेशात जन्मलेली’ आणि ‘अमुक वयाची’ अशी तिन्ही भोके एकत्र असतील तरच हलेल. पूर्वी ज्या प्रश्नासाठी गठ्ठे तीनदा उलटावे लागत, तो आता तारा बदलून एका फेरीत सुटे. होलरिथने कोलंबिया विद्यापीठाला डॉक्टरेटसाठी दिलेल्या निबंधाच्या नावात ‘यंत्र’ हा शब्द नाही, ‘विजेवर चालणारी तक्ते करण्याची पद्धती’ असा आहे. स्वतः काय बनवले आहे, हे त्याला पक्के माहीत होते.

कार्डे भोकण्याच्या आणि यंत्र चालवण्याच्या कामावर पुष्कळ स्त्रिया होत्या. एक गमतीची हकिकत सांगतात : कंटाळलेले कारकून वाटीतला पारा हळूच काढून थुंकदाणीत टाकत, यंत्र बंद पडे, आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत विश्रांती मिळे. पारा विषारी असतो याची धास्ती तेव्हा कोणाला दिसत नाही.

पहिला ढोबळ आकडा कार्डांविनाच काढला होता. दर कुटुंबातल्या माणसांची संख्या कळफलकावर दाबून. १८९० संपण्याआधीच तो जाहीर झाला : ६,२६,२२,२५०. देश नाराज झाला. वर्तमानपत्रांनी साडेसहा-सात कोटींची स्वप्ने रंगवली होती, त्यामुळे दोष यंत्राच्या माथी आला. सविस्तर तक्ते मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर आणि कितीतरी अधिक निघाले. इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती क्वचित सांगितली जाते. यंत्राने जनगणना स्वस्त झाली नाही. १८८० च्या तुलनेत १८९० चा एकूण खर्च जवळजवळ दुप्पट झाला. मोजणे सोपे झाले म्हणून प्रश्न वाढले. प्रश्न वाढले म्हणून तक्ते वाढले, छपाई वाढली.

प्रश्न कोणते, तेही पाहिले पाहिजे. १८९० च्या कार्डावर वर्णासाठी गोरा, काळा, म्युलाटो, क्वाड्रून, ऑक्टोरून, चिनी, जपानी, रेड इंडियन अशी घरे होती. मधल्या तीन शब्दांचा अर्थ, अंगात निग्रो रक्ताचा किती हिस्सा : निम्मा, चौथा की आठवा. हे दारात उभ्या गणकाने नजरेने ठरवायचे. यंत्राला शंका येत नाही. भोक एकतर आहे किंवा नाही. होलरिथने ही घरे ठरवली नव्हती, काँग्रेसने ठरवली होती. पण एकदा भोक पडले की नजरेचा अंदाज आणि मोजलेले वय एकाच किमतीचे होतात. याच जातीच्या यंत्रांवर १९३३ मध्ये जर्मनीची जनगणना झाली आणि तीत धर्माचे घर होते. तोवर होलरिथ जग सोडून गेला होता. आणि ज्या अर्जांवरून ही कार्डे भोकली, ते १८९० चे बहुतेक सारे मूळ कागद १९२१ च्या आगीत आणि नंतरच्या हेळसांडीत नष्ट झाले. तक्ते उरले, माणसे गेली.

जनगणना संपली तशी यंत्रे परत आली. भाडे बंद. ऑस्ट्रिया, कॅनडा, नॉर्वे अशी कामे मिळाली, रशियाच्या १८९७ च्या जनगणनेचेही मिळाले. पण दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर धंदा चालत नाही. होलरिथचे १८९० मध्येच लग्न झाले होते आणि मधल्या वर्षांत घरखर्चाची तंगी होती. रोज ज्याला मोजावे लागते असे गिऱ्हाईक हवे होते. ते म्हणजे रेल्वे. न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेत वर्षाला सुमारे चाळीस लाख मालपावत्या जमत : कुठून कुठे, किती वजन, किती भाडे. इथे माणसे मोजायची नव्हती, रकमा मिळवायच्या होत्या. होलरिथने यंत्राला बेरीज शिकवली. पहिला प्रयोग रेल्वेला पसंत पडला नाही. त्याने सुधारून पुन्हा दिला, तोही आधी फुकट चालवून दाखवण्याच्या बोलीवर, आणि १८९६ मध्ये करार झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात टॅब्युलेटिंग मशीन कंपनी स्थापन झाली.

धंद्याचा नियम साधा. यंत्र विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. आणि त्यात चालणारी कार्डे आपल्याच कंपनीकडून घेतली पाहिजेत. कार्ड एकदा भोकले की संपले, म्हणजे दर महिन्याला नवी मागणी. कापडाच्या गिरणीने माग भाड्याने देऊन सूत आपल्याच दुकानातून घ्यायची अट घालावी, तसे हे. आयबीएमने हीच चाल पुढे चालवली. कार्डांच्या सक्तीविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो १९३६ मध्ये.

१९०० च्या जनगणनेला पुन्हा होलरिथच. आता कचेऱ्या आणि कंपनी यांच्यातली भिंत पातळ होऊ लागली. १८९० च्या जनगणनेचे प्रमुख रॉबर्ट पोर्टर यांनी पुढे होलरिथची यंत्रे इंग्लंडला नेण्याच्या कामी पुढाकार घेतला. १९०० चे संचालक विल्यम मेरियम पद सोडून थेट टॅब्युलेटिंग मशीन कंपनीचे अध्यक्ष झाले. ज्या टेबलावरून करार सही झाला, त्याच्या एका बाजूचा माणूस उठून दुसऱ्या बाजूला बसला. आज आपल्याकडे हे वाचून कोणाची भुवई उंचावणार नाही, पण नवे संचालक सायमन नॉर्थ यांची उंचावली. १९०२ मध्ये जनगणना खाते कायमचे झाले होते. कायम खात्याला कायम भाडे, हा हिशेब नॉर्थ यांना पटेना. दर फार आहेत, असे त्यांचे म्हणणे. होलरिथ हट्टी माणूस. त्याने दर कमी केले नाहीत. १९०५ मध्ये यंत्रे खात्याबाहेर गेली.

मग सरकारने जे पंधरा वर्षांपूर्वी करायला हवे होते ते केले : काँग्रेसकडून चाळीस हजार डॉलर घेऊन स्वतःची यंत्रशाळा काढली. तिथे जेम्स पॉवर्स नावाचा रशियात जन्मलेला तंत्रज्ञ नेमला. त्याने नवा पंच आणि इतर यंत्रे केली आणि १९१० ची जनगणना त्यांवर झाली. होलरिथ कोर्टात गेला, त्याची जुनी यंत्रे सरकारने परस्पर बदलून वापरू नयेत म्हणून. त्याचा दावा टिकला नाही. सरकार जिंकले, असे इथवर वाटते. पण पॉवर्सच्या नेमणुकीत एक कलम होते. सरकारी यंत्रशाळेत, सरकारी पैशाने लावलेल्या शोधांचे पेटंट त्याच्या स्वतःच्या नावे राहतील. १९११ मध्ये त्याने नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. एका भाडेकरारातून सुटण्यासाठी सरकारने दुसरा घरमालक घडवला होता.

मला इथे होलरिथपेक्षा सरकारचा दोष अधिक वाटतो. व्यापारी भाडे वसूल करणारच. १८८६ मध्ये बाल्टिमोर शहराने आपल्या मृत्युनोंदी दिल्या, त्या प्रयोगाशिवाय यंत्राचा पंच सुधारला नसता; मोबदल्यात शहराने काही मागितल्याचे कुठे दिसत नाही. आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेत जन्माचा दाखला घ्यायला गेल्यावर ‘कंपनीचा माणूस येईपर्यंत सिस्टीम चालू होणार नाही’ हे वाक्य ऐकले की मला बाल्टिमोर आठवते. नोंदी शहराच्या, माणसे शहराची, आणि त्या वाचण्याची किल्ली भलत्याच्या खिशात.

होलरिथने १९११ मध्ये कंपनी विकली. चार्ल्स फ्लिंट नावाच्या दलालाने ती वजनकाटे आणि हजेरीची घड्याळे बनवणाऱ्या कंपन्यांशी जोडली. होलरिथच्या वाट्याला बारा लाख डॉलरच्या वर रक्कम आली. १९१४ मध्ये थॉमस वॉटसन त्या कंपनीत आला आणि १९२४ मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. होलरिथ काही वर्षे सल्लागार राहिला, पण वॉटसनच्या विक्रेत्यांच्या जगात त्याचे मन रमले नाही. व्हर्जिनियातल्या शेतावर गर्न्सी जातीच्या गायी पाळल्या, उत्तम सिगार ओढले, उत्तम जेवला. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये हृदयविकाराने गेला.

आपल्या खानेसुमारीचा याच्याशी संबंध थोडा उलट बाजूने येतो. १९०१ मध्ये, होलरिथची यंत्रे अमेरिकेत दुसऱ्यांदा चालू होती त्याच सुमारास, हिंदुस्थानच्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली. मूळ कल्पना बव्हेरियाची. एका माणसाला एक चिठ्ठी. चिठ्ठीचा रंग धर्माचा, तिच्यावरची खूण स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित सांगणारी. बाकी हाताने लिहायचे. मग कप्प्यांत टाकून चिठ्ठ्या हाताने वेगळ्या करायच्या आणि मोजायच्या. १८८९ च्या वॉशिंग्टनच्या शर्यतीत जी पद्धत पंचावन्न तास घेऊन शेवटी आली होती, तिचीच ही चुलत बहीण. मुंबई इलाख्याचे काम एन्थोव्हेन यांच्याकडे होते. महाराष्ट्रातल्या जातिजमातींच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. एकोणतीस कोटी त्रेचाळीस लाखांवर माणसांच्या चिठ्ठ्या या देशात हातांनी वाटल्या गेल्या. याला मागासलेपण म्हणण्याची घाई करू नये. इथे कारकून स्वस्त होता. शिवाय इथल्या जातीच्या रकान्यात हजारो वेगवेगळी उत्तरे येत. ठराविक घरांच्या कार्डात ती बसवायची तर आधी कोणीतरी त्यांची यादी पक्की करायला हवी होती. चिठ्ठीवर शब्द लिहिता येत होता. कार्डावर फक्त आधी ठरलेले भोक पाडता येते.

यंत्रे मात्र दुसऱ्या दाराने आली. पोर्टर आणि इतरांनी इंग्लंडमध्ये उभारलेल्या ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीकडे कॅनडा सोडून साम्राज्यातल्या देशांचे हक्क होते. म्हणून हिंदुस्थानात ही यंत्रे आयबीएमच्या नव्हे तर ‘होलरिथ’ याच नावाने पोहोचली. रेल्वेच्या हिशेब कचेऱ्यांत माणसाचे नाव यंत्राचे नाव होऊन बसले. कलकत्त्यात प्रा. महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने पाहण्यांच्या कामाला पंच कार्डांची यंत्रे जुंपली. आणि पॉवर्सची यंत्रेही त्याच साम्राज्यात पॉवर्स-सामास या नावाने होलरिथशी स्पर्धा करत होती. सरकारी यंत्रशाळेतून फुटलेले ते भांडण असे अर्धशतक जगभर चालले. १९५९ मध्ये इंग्लंडमधल्या या दोन्ही कंपन्या एक झाल्या, इंटरनॅशनल कॉम्प्युटर्स अँड टॅब्युलेटर्स या नावाने. १९६८ मध्ये तिची आयसीएल झाली. आयसीएलची भारतातली कंपनी म्हणजे आयसीआयएम, आणि तिचा कारखाना पुण्यात होता. पुण्यातल्या संगणक व्यवसायातली जुनी माणसे हे नाव अजून आपुलकीने घेतात. पुढे तिचेच रूपांतर होत होत झेनसार झाली, आणि आज ती मुख्यतः परदेशी कंपन्यांच्या यंत्रणा सांभाळते.